पावसाचा ३० वर्षांचा नकाशा टीव्हीवर दाखवायचाय. तारीख बदलायला स्क्रीनवरची सरकवायची पट्टी ठेवू की हाताने फिरवायचा नॉब बसवू?

ग्रामपंचायतीत टीव्ही, त्यावर महसूल मंडळांच्या रोजच्या पावसाचा नकाशा आणि समोर शेतकरी, असं तुम्ही लिहिलंय. मग नॉब बसवाच. पट्टीही राहू द्या, पण लांबची उडी मारण्यापुरती.

हिशेब बघा. ३० वर्षं म्हणजे जवळपास ११ हजार दिवस. मोबाइलवर पट्टीला फार तर ६ सेंटिमीटर जागा मिळते, म्हणजे मिलिमीटरला सहा महिने! बोट टेकवलं की कितीतरी पावसाळे त्याखाली झाकले जातात. टीव्हीवर पट्टी लांबते खरी, पण माउस धरणाऱ्याची नजर पट्टीवरच राहते, नकाशा बाकीचेच बघतात.

बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत असा नकाशा आहे. इथे पावसाची आठवण तारखेने निघत नाही, नक्षत्राने निघते. म्हणून नॉबचा एक खटका म्हणजे एक नक्षत्र, १३-१४ दिवस, असं ठेवलंय. मृग ते हस्त, नऊ खटक्यांत पावसाळा सरतो. मृगात निळी झालेली मंडळं पुढच्याच खटक्याला, आर्द्रेत, पांढरी पडली की दुबार पेरणीचं वर्ष लोक लगेच ओळखतात. मागून कुणी म्हणतं, "थांबा बाप्पा, एक मांगं घ्या," आणि फिरवणारे आजोबा नकाशावरची नजर न हलवता एक खटका मागे घेतात. पट्टीवर हे जमत नाही.

नॉब घेताना रोटरी एन्कोडर घ्या, पोटेंशियोमीटर नको. तो पंख्याच्या रेग्युलेटरसारखा दोन्ही टोकांना अडतो. शिवाय कुणी पट्टीवरून वेगळ्याच सालात उडी मारली की नॉब एक सांगतो आणि पडदा दुसरं. एन्कोडर गोल फिरतच राहतो आणि "एक पुढे" किंवा "एक मागे" एवढंच कळवतो. सहज मिळणाऱ्या एन्कोडरला फेरीला २० खटके असतात, म्हणजे ३० वर्षं ओलांडायला चाळीसेक फेऱ्या. म्हणून दाबायचं बटण असलेलाच घ्या: दाबून फिरवलं की एका खटक्याला एक वर्ष. मृगातून थेट गेल्या वर्षीच्या मृगात जाता येतं, आणि मला विचाराल तर सगळ्यात उपयोगाची तुलना हीच.

जोडणी सोपी आहे. आर्डुइनो लिओनार्डो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड संगणकाला कीबोर्ड म्हणून दिसतो, त्याच्याकडून खटक्यागणिक डावा-उजवा बाण पाठवा.

हाच नकाशा लोक घरी मोबाइलवर बघणार असतील, तर पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक नक्षत्र सरकवणारी, अंगठा नीट बसेल एवढी मोठी बटणं द्या.