मुकादमाने सगळ्यांचे अंगठे आणून दिले, तर संमती झाली का?

नाही. दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारणीच्या हंगामात मजुरांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज (काही कीटकनाशकं अंगात गेली की घटणारं एन्झाइम) तुम्हाला संशोधनासाठी तपासायचंय आणि मुकादम म्हणतो, ‘संध्याकाळपर्यंत तीस अंगठे आणतो.’ ते अंगठे घेऊच नका.

पेठ-सुरगाण्याची टोळी अनेकदा उचल घेऊन आलेली असते. ज्याचे पैसे अंगावर आहेत त्याच्यासमोर ‘नको’ म्हणायचं कुणी? मालक-मुकादमाची परवानगी बागेत शिरण्यापुरती. रक्त द्यायचं की नाही हे ज्याचं त्यानेच ठरवायचं. बायकोच्या वतीने नवऱ्यानेही नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या) लसीच्या प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डननी सह्या केल्या होत्या, 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

आधी नोंदणीकृत नीतिशास्त्र समितीची लेखी मंजुरी, मगच सुई. मग संध्याकाळी मजुरांच्या पालांवर जा, मुकादमाला वगळून. ‘पाच मिलिलिटर’ म्हणू नका, ‘चहाचा एक चमचा रक्त’ म्हणा. सांगून झालं की विचारा, ‘तुम्ही नाही म्हणालात तर काय होईल?’ उत्तर ‘काम जाईल’ असं आलं, तर सही असूनही संमती नाही. वाचता येत नसेल तर साक्षीदार लागतो: लिहिता-वाचता येणारा, तुमच्या चमूतला नाही आणि मालकाचा माणूसही नाही. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते, साक्षीदाराला फक्त शेवटी सहीला बोलावतात. त्याने पहिल्या शब्दापासून ऐकायला हवं. संमतीपत्राची प्रत मजुराच्या हातात द्यायचीच.

बुडालेला रोज भरून द्या. रक्कम समितीला आधी दाखवा. पैशाच्या ओढीने धोका पत्करावा इतकी ती मोठी नको.

खरा पेच निकालाचा आहे. कोलिनेस्टरेजचं प्रमाण माणसागणिक बरंच वेगळं असतं, म्हणून एकाच तपासणीवरून फारसं कळत नाही. फवारणी सुरू होण्याआधी एक नमुना आणि हंगामात दुसरा घ्या. प्रमाण बरंच घसरलेलं दिसलं तर त्या माणसाला फवारणीच्या औषधापासून लांब ठेवावं लागतं, आणि मालकाच्या दृष्टीने लांब ठेवणं म्हणजे घरी पाठवणं. म्हणून नावनिशी निकाल मालकाकडे जाता कामा नये. तो मजुरालाच, डॉक्टरांसमोर द्या. त्याच रोजावर दुसरं काम मिळेल का, हे मालकाकडून सगळ्यांसाठी आधीच लिहून घ्या. तो लिहून देत नसेल, तर त्या बागेत नमुने घेऊ नका.