70 टक्के मतं मिळूनही गाणं हरलं, ते कसं?

तुमचा प्रश्न असा आहे: 2022 साली स्पेनमध्ये 70 टक्के मतं एका गाण्याला पडली, तरी युरोव्हिजनला, म्हणजे देशोदेशीच्या गाण्यांच्या युरोपातल्या वार्षिक स्पर्धेला, दुसरंच गाणं गेलं. यात काही काळंबेरं होतं का, आणि मुळात देश आपलं गाणं ठरवतो कसं? काळंबेरं मला तरी दिसत नाही. घोळ गुणांच्या हिशेबात होता, आणि तो हिशेब आधीपासून जाहीर होता.

पहिली गोष्ट म्हणजे गाणं सरकार पाठवत नाही. पाठवते ती तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था: स्पेनची आरटीव्हीई, इटलीची राय, स्वीडनची एसव्हीटी. स्पर्धा भरवणाऱ्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या अटी मोजक्याच आहेत. गाणं 3 मिनिटांच्या आत हवं, मंचावर 6 पेक्षा जास्त माणसं नकोत, मुख्य गायकाने प्रत्यक्ष गायलं पाहिजे, आणि गाणं आदल्या वर्षीच्या 1 सप्टेंबरच्या आधी प्रसिद्ध झालेलं नसावं. निवड कशी करायची ही ज्या त्या वाहिनीची मर्जी. चार जणांनी बंद खोलीत बसून ठरवलं तरी चालतं. नेदरलँड्सने 2019 ला डंकन लॉरेन्सला असंच थेट पाठवलं आणि तो जिंकून आला.

आता स्पेन. बरीच वर्षं तळाशी राहिल्यावर (2021 ला तर 24 वा नंबर) आरटीव्हीईने बेनिडॉर्म फेस्ट ही निवडस्पर्धा सुरू केली. अंतिम फेरीत 8 गाणी. निम्मं वजन ज्युरीला, पाव भाग लोकांच्या फोन-एसएमएसला आणि उरलेला पाव भाग सर्वेक्षणासारख्या निवडलेल्या प्रेक्षकगटाला. गॅलिशियन भाषेत गाणाऱ्या तीन बायकांचा गट, तानशुगेइरास, याला लोकांची 70.75 टक्के मतं पडली. गायिका रिगोबेर्ता बांदिनीला 18.08. गायिका शनेलला अवघी 3.97. आणि गेली शनेल.

गोम इथे आहे. लोकांची टक्केवारी जशीच्या तशी धरली जात नव्हती, तिचे क्रमांक लावून गुण दिले जात होते. पहिल्याला 30, दुसऱ्याला 25, तिसऱ्याला 20. म्हणजे 70 टक्के आणि 4 टक्के यांच्यातलं सगळं अंतर 10 गुणांत गुंडाळलं गेलं! ज्युरीने शनेलला 51, बांदिनीला 46 आणि तानशुगेइरासला 30 गुण दिले होते. प्रेक्षकगटाकडून तानशुगेइरासला 30, शनेलला 25, बांदिनीला 20. बेरीज करा: शनेल 96, बांदिनी 91, तानशुगेइरास 90. लोकांनी आणि प्रेक्षकगटानेही पहिलं ठरवलेलं गाणं तिसरं आलं.

स्पेनमध्ये आगडोंब उसळला. प्रकरण संसदेपर्यंत गेलं, ज्युरीतल्या एका सदस्याने आधी शनेलबरोबर काम केलं होतं हे निघालं, आणि शनेलला समाजमाध्यमांवर इतक्या शिव्या पडल्या की तिने ट्विटर सोडलं. तिचा यात काय दोष होता, हे मला अजून कळलेलं नाही. मे महिन्यात इटलीतल्या तुरिनला झालेल्या युरोव्हिजनमध्ये ती 459 गुण मिळवून तिसरी आली. 1995 नंतर स्पेनची एवढी चांगली कामगिरी झाली नव्हती. मग तेच लोक विमानतळावर स्वागताला.

यावरून ‘ज्युरीच बरोबर होती’ असं म्हणायला मी तयार नाही. तानशुगेइरास गेल्या असत्या तर काय झालं असतं हे कोण सांगणार? पण क्रमांकाने गुण देणं यात लबाडी नाही, कारण खुद्द युरोव्हिजनही तसंच चालतं. एखाद्या देशात तुम्हाला 70 टक्के मतं पडोत की 20, पहिले आलात तर 12 गुणच मिळणार. तिथे एका ठिकाणच्या तुफान प्रेमापेक्षा दहा ठिकाणची बऱ्यापैकी पसंती जास्त कामाला येते. माझा आक्षेप वेगळा आहे. पाच जणांच्या ज्युरीच्या हातात निम्मं वजन दिलं, तर त्यातल्या एकाच्या आवडीनेही निकाल फिरतो.

स्वीडनने हे जास्त विचार करून केलंय. त्यांची निवडस्पर्धा, मेलोडिफेस्टिवालेन, सलग शनिवारी वेगवेगळ्या शहरांत फिरते. अंतिम फेरीत निम्मे गुण 8 परदेशी ज्युरींचे, कारण शेवटी गाणं परक्यांनाच आवडायला हवंय. उरलेले निम्मे लोकांचे. ॲपवर मत फुकट असल्यामुळे लोक सगळ्यांनाच वाटत सुटले आणि गाण्यांमधला फरक पुसट व्हायला लागला. म्हणून 2019 पासून ॲपवरची मतं वयाप्रमाणे 7 गटांत मोजतात, 3 ते 9 वर्षांच्या पोरांपासून 75 च्या पुढच्या आजी-आजोबांपर्यंत, आणि फोनवरची मतं हा आठवा गट. प्रत्येक गट ज्युरीसारखाच 12, 10, 8 असे गुण देतो. त्यामुळे नुसत्या कॉलेजच्या पोरांनी एखादं गाणं डोक्यावर घेतलं तरी भागत नाही.

इटलीचा सानरेमो हा गाण्यांचा महोत्सव तर युरोव्हिजनपेक्षा जुना, 1951 चा. तिथे विजेत्याला फक्त पहिला हक्क मिळतो, जायचं की नाही ते त्याने ठरवायचं. 2025 ला ऑलीने नकार दिला आणि दुसरा आलेला लुचो कोर्सी गेला. युक्रेनमध्ये 2022 ला देशांतर्गत निवडीतली विजेती अलिना पाश हिला रशियाने ताब्यात घेतलेल्या क्रिमियातल्या 2015 च्या प्रवासाच्या कागदपत्रांवरून माघार घ्यावी लागली. मग दुसरा आलेला कालुश ऑर्केस्ट्रा गेला आणि थेट युरोव्हिजन जिंकला.

खाली प्रतिक्रियांमध्ये एका ताईंनी विचारलंय, भारतातून मत देता येतं का. देशांतर्गत निवडीत गृहीत धरू नका, 2022 ला स्पेनचे फोन-एसएमएस तर तिथल्या लोकांसाठीच होते. मुख्य स्पर्धेत मात्र 2023 पासून ‘उर्वरित जग’ या नावाखाली ऑनलाइन मत देता येतं. पैसे कार्डाने भरायचे. आपण, अमेरिका, ब्राझील, सगळे मिळून एकाच देशाएवढे गुण देतो.