शंका-समाधान : रिक्तिका रिकामी नसते

प्रश्न : नववीच्या मुलांना कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड दाखवतो. आकृतीत हरितलवकं (पेशीतले हिरवे दाणे) आणि भलीमोठी रिक्तिका (पेशीतली पाणीदार रसाची पिशवी) असते, पण सूक्ष्मदर्शीखाली भित्तिका आणि केंद्रक सोडून काही दिसत नाही. आमचं काय चुकतं? (एक विज्ञान शिक्षक)

उत्तर : तुमचं काही चुकत नाही, कांदा त्या कामाचा नाही. त्याच्या आतल्या पांढऱ्या पाकळीत हरितलवकं नसतातच. तरी मुलं ती वहीत काढतात, कारण पुस्तकात असतात! रिक्तिका मात्र तुमच्या समोरच आहे. ती पारदर्शक असते म्हणून नजरेतून निसटते. आयोडीनने रंगवलेल्या पापुद्र्यात केंद्रक बहुधा भित्तिकेला चिकटलेलं दिसतं. मधली जागा रिक्तिकेने व्यापल्यामुळे ते कडेला ढकललं गेलेलं असतं. वाढ पूर्ण झालेल्या पेशीत तिने ८०–९० टक्के जागा घेतलेली असू शकते. प्राणिपेशीतल्या रिक्तिका असल्याच तर बारीक असतात.

हरितलवकांसाठी माशांच्या टाकीत लावतात ती हायड्रिला आणा. शेंड्याजवळचं कोवळं पान आख्खंच पाण्याच्या थेंबात ठेवा. ते जेमतेम दोन पेशी जाड असतं, त्यामुळे काप घ्यावा लागत नाही. ४०० पट मोठं करून पाहिलं की ५–६ मायक्रोमीटरचे हिरवे दाणे भित्तिकेच्या कडेकडेने सरकताना दिसतात. मधून एकही जात नाही, कारण तिथे रिक्तिका आहे. दाणे हलत नसतील तर पान गार पडलेलं असतं. दिव्याखाली पाच-दहा मिनिटं थांबा.

रिक्तिका रंगीत पाहायची तर रिओचं (खालून जांभळ्या पानांचं शोभेचं झाड) पान घ्या. जांभळी बाजू वर ठेवून पान तिरकं फाडा, कडेला जांभळट पारदर्शक झिरमिळी सुटते. चिमट्याने तीच घ्या. हिरवा गर सोबत आला तर काही दिसणार नाही. आधी साध्या पाण्यात पाहा, पेशी काठोकाठ जांभळी दिसेल. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा (१०० मिली पाण्यात ३ ग्रॅम मीठ) आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा गोळा आक्रसून भित्तिकेपासून सुटतो आणि गडदही होतो; रंग तेवढाच, पाणी कमी. भित्तिका जागच्या जागी राहते. लगेच पुन्हा साधं पाणी सोडलं तर गोळा फुगून भित्तिकेला टेकतो. बहुतेक वर्गांत इथेच घोटाळा होतो. मीठ अंदाजाने, भरमसाट घातलं की पेशी मरतात, रंग बाहेर पसरतो आणि दुसरा अर्धा प्रयोग बुडतो. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ घातल्यावर पाणी सुटतं, ते याच वाटेने.

प्रश्न : ओट्यावरचे बटाटे हिरवे पडले. शिजवले तर चालतील का? (एक वाचक)

उत्तर : नुसत्या शिजवण्याने काम भागत नाही. बटाटा म्हणजे जमिनीखालचं खोड. त्याचे ‘डोळे’ म्हणजे कळ्या. त्याच्या पेशींत पिष्टाचे दाणे साठवणारी बिनरंगी लवकं असतात. कापलेल्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळंकाळं होतं, ते त्या दाण्यांमुळे. उजेड लागला की सालीखालची हीच लवकं आत हिरव्या पडद्यांच्या चवडी रचून हरितलवकं बनतात. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी, मेथीतही तोच असतो. भीती सोलानिन या विषारी द्रव्याची. तेही उजेडात वाढतं, पण वेगळ्या वाटेने, म्हणून हिरवेपणाकडे फक्त इशारा म्हणून पाहा. उकळून किंवा तळून ते पुरेसं जात नाही. थोडी हिरवट छटा असेल तर साल जाड काढा, डोळे आणि मोड खोलवर कोरून टाका. हिरवा रंग आत उतरला असेल किंवा चव कडवट लागली तर बटाटा फेका. अंधारात परत ठेवून सोलानिन कमी होत नाही. बटाटे गोणपाटात किंवा झाकलेल्या टोपलीत ठेवा. ट्यूबलाइटचा उजेडही पुरतो.

प्रश्न : बीट उकडलं की पाणी लाल होतं, गाजराचं फारसं होत नाही. असं का? (एक गृहिणी)

उत्तर : रंग कुठे साठवलाय, यावर ते अवलंबून आहे. बिटाचा रंग रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेला असतो. उष्णतेने तिचं पटल फुटलं की तो बाहेर येतो. म्हणून बीट सालीसकट, देठाचा बोटभर भाग ठेवून उकडावं. गाजराचा केशरी रंग, म्हणजे कॅरोटीन, वर्णलवकात (पेशीतल्या रंगीत दाण्यात) असतो. तो पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. गाजरहलव्यात कडेला सुटलेलं तूप केशरी दिसतं ते त्यामुळे. मिसळीच्या तर्रीचंही तसंच. मिरचीचा लाल रंग वर्णलवकातला, म्हणून तो तेलात उतरतो आणि रश्श्यावर तरंगतो. कोकमाचा लाल रंग रिक्तिकेतला, त्यामुळे आगळासाठी तेल लागत नाही.