अ‍ॅडमिरलची बायको तिसऱ्या पानावर

चि. लेखिकाबाईंना अनेक आशीर्वाद.

खर्डा मिळाला, दोनदा वाचला. रशिया-जपान युद्धातली चेमुल्पोची (कोरियातलं बंदर, आजचं इंचॉन) लढाई फक्कड जमली आहे. 9 फेब्रुवारी 1904, बंदराबाहेर जपानी अ‍ॅडमिरल उरिऊ सोतोकिचींची जहाजं दबा धरून आणि आत अडकलेली रशियन युद्धनौका 'वार्याग', हे चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. पण लेख त्यांच्या बायकोवर आहे ना गं? शिगेकोबाई तिसऱ्या पानावर उगवतात, त्याही नवऱ्याला निरोप द्यायला! हा प्रसंग कुठून आणलास? आधार नसेल तर काढून टाक. डोळ्यांतलं पाणी लपवणारी वीरपत्नी आपल्या हाताच्या इतकी सवयीची झाली आहे की आपसूक कागदावर उतरते. मीही एकदा एका डॉक्टरांच्या पत्नीवर लिहायला बसलो आणि अर्धा लेख डॉक्टरांनीच खाल्ला. संपादकांनी परत धाडला, वर एवढाच शेरा: 'बाई कुठे आहेत?'

तेव्हा तू पियानोपासून सुरुवात कर.

डिसेंबर 1871 मध्ये अमेरिका-युरोपला निघालेल्या जपान सरकारच्या इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर योकोहामाहून पाच मुली निघाल्या, सरकारी खर्चाने दहा वर्षं अमेरिकेत शिकायला. दोघी थोरल्या लवकरच परतल्या. उरल्या शिगे (आपली शिगेको), सुतेमात्सू आणि सात वर्षंही पुरी न झालेली उमे त्सुदा. वयं लिहिताना जप. जुन्या जपानी रीतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरत आणि नव्या वर्षाला सगळेच एकदम वर्षाने मोठे होत. तुझी शिगे एका पानावर नऊ आणि दुसऱ्यावर अकरा वर्षांची आहे, ती बहुधा यामुळेच. नावांचंही तसंच: जन्माने मासुदा, दत्तक गेली म्हणून नागाई, लग्नानंतर उरिऊ. नावं बदलण्याचा हा प्रकार आपल्या वाचकांना समजावत बसायची गरज नाही.

अमेरिकेतल्या व्हासर कॉलेजात संगीत शिकून ती 1881 मध्ये परतली. उरिऊ त्याच वर्षी अ‍ॅनापोलिसच्या अमेरिकन नौदल अकादमीतून बाहेर पडले. ओळख अमेरिकेतली, लग्न दोघांनी स्वतः ठरवलेलं, 1882 च्या डिसेंबरातलं. पण त्याच वर्षी, लग्नाच्या कितीतरी आधी, तोक्योच्या सरकारी संगीत संस्थेत ती पियानो शिकवायला लागली होती. तुझ्या लेखात ही ओळच नाही!

इथे जरा मुक्काम कर. परतल्यावर शिगेला धड जपानी बोलता येईना. सुतेमात्सूकडे तर व्हासरची पदवी होती, पण जपानी लिहिण्या-वाचण्यात ती अडली आणि शिक्षिकेची नोकरी हुकली. पुढे ती युद्धमंत्री ओयामांची पत्नी झाली. मग शिगेकोचं कसं निभावलं? मला वाटतं, पियानोचा धडा मोडक्यातोडक्या भाषेतही देता येतो. विद्यार्थिनीचं बोट चुकीच्या पट्टीवर पडलं की तिला बाजूला सरकवायचं आणि तेवढाच तुकडा स्वतः वाजवून दाखवायचा. पुढे मुलं होत गेली, नवरा समुद्रावर, तरी वीसेक वर्षं हे काम सुटलं नाही. कोदा नोबूला जपान सरकारने 1889 मध्ये संगीत शिकायला परदेशी पाठवलं. ती हिचीच विद्यार्थिनी.

आनंदीबाई जोशींशी तुलना करायचा मोह तुला झालाय, पण आवर. आणि आनंदीबाईंच्या शेजारी फोटोत जी जपानी मुलगी दिसते ती ओकामी केइको, डॉक्टर झालेली. शिगेको नव्हे. ती तळटीप खोड.

उलट जे सांगायला हवं ते तू एका वाक्यात उरकलंस. 30 एप्रिल 1908 ला 'मात्सुशिमा' हे जहाज प्रशिक्षण सफरीवर असताना तैवानजवळच्या माकोंग बंदरात स्फोट होऊन बुडालं. त्यावर शिगेकोचा मुलगा होता आणि सुतेमात्सूचाही. दोघेही गेले. लहानपणी एका जहाजातून निघालेल्या दोन मैत्रिणींची मुलं एकाच जहाजावर गेली. यावर विशेषणं चढवू नकोस. तारीख, बंदर आणि दोन आयांची नावं एवढंच दे आणि परिच्छेद संपव.

उरिऊंना 1907 मध्ये बॅरन ही पदवी मिळाली, ते एका ओळीत चालेल. लढाईची अडीच पानं अर्ध्या पानावर आण. जीव तुटेल, ठाऊक आहे.

आणि 'चेमुल्पो' तू तीन तऱ्हांनी लिहिलंयस, ते एकसारखं कर. पुढचा खर्डा दिवाळीआधी पाठव. नंतर माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे.

तुझा,
काका