प्रथिनाची घडी आणि जिवाणूतली गर्दी

सांगलीत एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ई. कोलाय या जिवाणूत प्रथिन तयार करायला घेतले असेल, तर क्रम बरोबर असला की प्रथिनाची साखळी आपोआप नीट घडी घेऊन योग्य आकारात येते, हा समज आधी तपासून घ्यावा. अंतिम आकाराची माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच असते, हे रसायनशास्त्रज्ञ ॲनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या विकरावर दाखवले आणि 1972 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मात्र तो प्रयोग परीक्षानळीतल्या विरळ द्रावणातला होता, तर या जिवाणूत लिटरमागे 300 ते 400 ग्रॅम मोठे रेणू दाटीने कोंबलेले असतात. शिवाय घडी साखळी पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. शेवटची तीस-चाळीस आम्ले साखळी बनवणाऱ्या रायबोसोमच्या अरुंद बोगद्यात असतानाच बाहेर आलेला भाग घडी घेऊ लागतो, आणि बोगद्याच्या तोंडाशी बसलेले ट्रिगर फॅक्टर हे सहायक प्रथिन त्याच्या जलविरोधी पट्ट्या झाकून त्यांना परस्परांत गुंतू देत नाही. पुढे डीएनएके आणि ग्रोईएल हे आणखी सहायक एटीपी हे पेशीचे ऊर्जा-इंधन खर्चून मदत करतात; आकार मात्र ते ठरवत नाहीत.

तुमच्या जनुकाने उत्पादन बेसुमार वाढवले की हे सहायक अपुरे पडतात आणि प्रथिनाचे अविद्राव्य गोळे होतात. म्हणून सहायकांची जनुके असलेले वेगळे प्लाझ्मिड (डीएनएचे छोटे वर्तुळ) मागवण्याआधी आयपीटीजी, म्हणजे जनुक चालू करणारे रसायन, कमी करून 18 अंशांवर रात्रभर वाढवून पाहावे. त्यासाठी शेकरला, म्हणजे जिवाणू हलवत वाढवणाऱ्या यंत्राला, शीतकरण आहे ना, हे विचारावे. केवळ तापवणारे यंत्र सांगलीच्या मे महिन्यात 18 अंशांवर येणार कसे? पेशी फोडल्यावर प्रथिने वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर वरचे द्रावण आणि तळाचा साका, दोन्ही शेजारी-शेजारी लावावेत, म्हणजे प्रथिन विरघळलेले किती आणि गोळ्यांत किती ते दिसेल.