कृषी सेवा केंद्रासाठी कोणती फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी?

प्रश्न थोडक्यात असा: चोपड्याला कृषी सेवा केंद्र आहे. तीन कॉम्प्युटर. दोन जुने, आय-थ्री चौथ्या पिढीचे, ४ जीबी रॅमचे; तिसरा २०२१ साली घेतलेला. विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणून विक्रेता म्हणतो तिन्ही बदला. लिनक्स फुकट मिळतं असं ऐकलंय, पण त्यात पन्नास नावं. टाकायचं कोणतं?

राम राम भाऊ. मी जळगावात दुकानांचे, जिनिंगवाल्यांचे, दालमिलवाल्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न सध्या रोज कानावर पडतो. तिन्ही बदलायची काही गरज नाही. आणि तिन्हींवर लिनक्स टाकायचीही नाही.

विक्रेता खोटं बोलत नाहीये. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची सोय) लागतं, म्हणून तुमचे दोन जुने त्यात बसत नाहीत. पण २०२१ चा बहुतेक बसेल, आणि त्यातलं विंडोज १० लायसनचं असेल तर ११ वर जायला वेगळे पैसे पडत नाहीत. तो तसाच ठेवा. का, ते सांगतो.

तुम्ही प्रश्नात टॅलीचं, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं, नावच काढलं नाही, पण खत-बियाण्याचं दुकान आहे म्हणजे टॅली असणारच. टॅली विंडोजवरच चालते. वाइन नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, त्याच्या आधाराने लिनक्सवर टॅली उघडून दाखवणारे व्हिडिओ तुम्हाला सापडतील. त्यांच्या नादी लागू नका. उघडणं वेगळं आणि मार्चएंडला सीएचा फोन आलेला असताना चालणं वेगळं. टॅली, तिचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि डिजिटल सहीचं टोकन असलंच तर ते, एवढं सगळं त्या नव्या मशीनवर एकत्र राहू द्या. तुमची फर्म मालकीची किंवा भागीदारीची असेल तर जीएसटीचं रिटर्न मोबाइलच्या ओटीपीवर भरता येतं, टोकन लागत नाही. कंपनी किंवा एलएलपी असेल तर लागतं. दुसऱ्या मशीनवरून उधारी, शिल्लक माल बघायचा असेल तर टॅलीचं टीएसएस (पैसे भरून चालू ठेवायची त्यांची सेवा) चालू ठेवा, रिपोर्ट ब्राउझरमध्ये दिसतात. ब्राउझर लिनक्सवर आहेच.

आता ते दोन जुने. त्यांच्यावर काय काम होतं? ईमेल, जीएसटीचं पोर्टल, ई-वे बिल, कंपन्यांचे रेट, साठ्याची एक्सेल शीट, पीक सल्ल्याच्या प्रिंट, व्हॉट्सॲप वेब. हे सगळं लिनक्सवर बिनबोभाट होतं. खताच्या अंगठ्याच्या पॉस मशीनचा यात संबंध नाही, ती आपली वेगळी चालते.

त्या दोघांवर लिनक्स मिंट टाका, एक्सएफसीई आवृत्ती, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची. मिंट २२ ही उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी रॅमवर एक्सएफसीई आरामात चालते, मात्र क्रोममध्ये वीस टॅब उघडे ठेवले तर कोणतीही सिस्टीम रडेलच. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, म्हणजे बिलिंगला बसणाऱ्या पोराला नव्याने शिकवावं लागत नाही. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर जो फरक पडेल तो ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असेल. खर्च करायचाच तर तिथे करा.

बाकीची नावं का नाही? फेडोरा चांगली आहे, पण तिची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिन्यांत म्हातारी होते. दुकानाला दरवर्षी हा खटाटोप नको. डेबियन मला स्वतःला सगळ्यात आवडते, १९९३ पासूनची, दगडासारखी स्थिर. पण ती कोपऱ्यात ठेवून विसरून जायच्या मशीनसाठी, काउंटरसाठी नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस आपली भारतीय म्हणून कोणी सुचवेल. तीही डेबियनवरच बेतलेली आहे, पण अडलं तर उत्तर शोधताना मिंट-उबुंटूवर जितकं लिहिलेलं सापडतं तितकं तिच्यावर सापडत नाही.

आणि 'सर्व्हरला सेंटओएस टाका' (हीही एक लिनक्सच) असं कोणी जुनाजाणता सांगत असेल तर त्याला थांबवा. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट देणार म्हणून सांगितलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ संपताच ती बंद. कित्येकांनी नुकतीच मशिनं तिच्यावर हलवली होती. त्यातून पुढे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स निघाल्या, त्या चांगल्या चालल्यात, पण तुम्हाला सर्व्हरच नको आहे. दोन मशिनांत फाइल वाटून घ्यायला सांबा नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं.

हे सगळं माझ्या शब्दावर करू नका. मिंट पेनड्राइव्हवर घ्या आणि मशीन चालू करताना एफ१२ दाबून (कुठे एफ९, कुठे एस्केप) पेनड्राइव्हवरून सुरू करा. डिस्कला हात न लावता पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. 'इन्स्टॉल' लिहिलेल्या चित्रावर क्लिक करू नका. आता दुकानातली एकेक वस्तू जोडून बघा. बारकोड स्कॅनर लावा, साधा टेक्स्ट एडिटर उघडा आणि कीटकनाशकाच्या एखाद्या बाटलीच्या बारकोडवर स्कॅनरची लाल रेघ पाडा: आकडे टपकन उमटतील. स्कॅनर बहुतेक स्वतःला कीबोर्डच समजतात, त्यांची कटकट नसते. खरी परीक्षा प्रिंटरची. एचपीचे बहुतेक सगळे चालतात, त्यांचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्राम) मिंटमध्ये आधीपासून असतो. दुकानादुकानांत दिसणारे काही जुने छोटे लेझर मात्र डोकं खातात. डॉट मॅट्रिक्स चालतो, पण अक्षरांऐवजी चित्र म्हणून छापायला लागला की एकेका ओळीला किरकिर करत बसतो, आणि समोर गिऱ्हाईक उभं असतं. म्हणून तो टॅलीच्या मशीनलाच म्हटलं. जो प्रिंटर पेनड्राइव्हवर चालला नाही तो इन्स्टॉल केल्यावर आपोआप चालेल या आशेवर राहू नका.

साठ्याची एक्सेल शीटही तेव्हाच लिबरऑफिसमध्ये (एक्सेल-वर्डच्या जागी मिंटमध्ये असतं ते) उघडून बघा. साधी शीट, सूत्रं, बेरजा जशाच्या तशा येतात. कोणी मॅक्रो (शीटमध्ये आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) लिहून दिले असतील तर ते अडतात.

मराठीचं एक बघावं लागेल. जुने लेटरहेड, दरपत्रकं कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर फॉन्टशिवाय नुसता कचरा दिसेल. फॉन्ट लिनक्सवर टाकून वाचता येतात, पण ती टायपिंगची सॉफ्टवेअरं तिथे चालणार नाहीत. नवीन सगळं युनिकोडमध्येच करा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिंटच्या सेटिंगमध्ये आहेच. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस नावाचं टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकून घ्यावं लागतं, तेही फुकट.

एक फायदा सहज मिळतो. गिऱ्हाईक, एजंट, जो तो पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि त्यातून फोल्डरचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस येतो. विंडोजसाठी लिहिलेला तो प्रोग्राम लिनक्सवर चालतच नाही. फक्त तोच पेनड्राइव्ह पुढे टॅलीच्या मशीनला लावू नका.

बॅकअप वेगळा घ्या. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचं बॅकअपचं सॉफ्टवेअर असतं, पण ते सिस्टीम जपतं, तुमच्या फाइली नाही. पुष्कळांचा तिथेच गैरसमज होतो. लाइट आपल्याकडे कशी जाते ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे लिनक्स टाकलं म्हणून यूपीएस काढू नका.

आणि हे काम मे-जूनमध्ये अजिबात काढू नका. कपाशीच्या बियाण्याला रांग लागलेली असताना कुठलंच मशीन हलवायचं नसतं, मार्चमध्ये सीए बसू देणार नाही. संक्रांतीनंतरचे आठ-दहा दिवस बरे. आधी एकच जुना मशीन बदला, महिनाभर पोरांना वापरू द्या, तक्रारी आल्या नाहीत की मग दुसरा.

तुमच्या प्रिंटरांची मॉडेलं कळवा, मागच्या बाजूला स्टिकरवर असतं. त्यांचा ड्रायव्हर मिंटवर आहे का ते बघून सांगतो.