विदर्भाच्या उन्हात रॅगडॉल मांजर टिकेल का?

टिकेल, पण तिला घरातच ठेवा. कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकात तयार झालेली ही जात. डोळे निळे, केस मऊ. उचललं की बऱ्याचदा हातात कापडासारखी सैल पडते. इतकी गरीब, की मोकाट कुत्र्यांपुढे तिला सोडू नयेच.

मे महिन्यात पारा ४५ला टेकतो तेव्हा तिला कूलरच्या खोलीत गार फरशी द्या. लाइन गेली तर दाराला ओलं पोतं बांधा. तोंड उघडून धापा टाकू लागली, तर अंगावर ओलं फडकं फिरवत लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. केस भादरू नका, आठवड्यातून दोनतीनदा विंचरा. गुंता आधी काखेत न् कानामागे होतो, बोटांनी चाचपून बघा. वावरातून पायजम्याला चिकटून आलेली कुसळंही तिच्या शेपटीत अडकतात. आणि दूध देऊ नका, मोठ्या मांजरांना ते सहसा पचत नाही.